गणेशगुडीचे चाक आणि लक्ष्मणराव

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस गणेशगुडीला मामांकडे गेलो होतो. काळी नदीवरील सुपे धरणाच्या त्या परिसरात पाऊस असा, की घरातल्या लाकडालाही बुरशी चढते. मग लोखंडाची काय कथा? मामांच्या गोठ्यातील हातचाकाचे चारा कापायचे यंत्र गंजले होते. चाक फिरवले तर गवत कापण्याऐवजी चुरगळे. म्हशी निम्मे खात, निम्मे पायदळी तुडवीत. मी नवे यंत्र घेण्याचा सल्ला दिला. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी पाना माझ्या हाती दिला.

तो हाती घेताना लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण झाली. त्यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण डोळ्यांना काही रंगांतला फरक कळेना, म्हणून तो मार्ग बंद झाला. यंत्रांची रेखाटने मात्र त्यांना उत्तम साधली. व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत त्यांनी शिक्षकी केली. तेथे डावलले गेल्यावर बेळगावला येऊन बंधूंबरोबर ते सायकलींच्या विक्री-दुरुस्तीत रमले.

शेतकऱ्यांसाठी त्यांनी प्रथम बनविले ते कडबा कापायचे यंत्र. लोखंडी नांगर त्यानंतरचा. लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे तो नांगर दोन वर्षे पडून राहिला. पुढे बेळगावातील जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातील जुन्या तोफा दिल्या. त्यांचे नांगर झाले, ही आपल्या करवीरकरांना अभिमानाची गोष्ट होय. लक्ष्मणराव १९५६ साली निवर्तले.

मला त्यांच्या चरित्रात मोलाचे वाटते ते हे, की आधी त्यांनी सायकली दुरुस्त केल्या आणि मग यंत्रे घडविली. जो यंत्र उघडून पाहतो, त्यालाच ते कोठे झिजते हे कळते.

गणेशगुडीला मी प्रथम चाक दोरीने खांबाला घट्ट बांधले, कारण सुटे चाक बोटे घेते. पाती काढली, तिरकी बाजूच तेवढी घासून धार लावली. सपाट बाजू घासली तर पाते तोंडाच्या पट्टीला नीट भिडत नाही. पाते आणि पट्टी यांत कागदाइतकीच फट ठेवून बोल्ट आवळले आणि दोरी सोडून चाक हळूच हाताने फिरवून पाहिले. आसाला तेल घातले. गवताचा चीक वाळला की गंज धरतो, म्हणून काम झाल्यावर पाती पुसून तेलाचा हात फिरवायचा, हे मामांनीच मला शिकविले. चिखलाचे गवत आधी झटकावे; मातीने धार जाते.

दुसऱ्या दिवशी चाक सुरळीत फिरले आणि गव्हाणीत काडीही उरली नाही. नवे घेण्याचा माझा सल्ला मनातल्या मनात मी मागे घेतला. ज्यांच्या घरी आजोबांच्या काळचे एखादे यंत्र अडगळीत पडले असेल, त्यांनी या दिवाळीच्या सफाईत ते भंगारात काढण्यापूर्वी एकदा पाना लावून पाहावा.