पंडिता रमाबाई : बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षं



आजचं वाचन : प्रेषितांची कृत्ये, अध्याय ८.

या अध्यायात दोन माणसांचा बाप्तिस्मा होतो. एक शोमरोनातला जादूगार शिमोन आणि दुसरा रथात बसून यशया वाचणारा हबशी अधिकारी. दोघांनाही सुवार्ता मिळाली ती फिलिप्पाकडूनच. हबशी अधिकारी आनंद करत आपल्या वाटेने गेला. शिमोन मात्र काही दिवसांनी पवित्र आत्म्याचं दान विकत घ्यायला पैसे घेऊन पेत्रापुढे उभा राहिला. बाप्तिस्मा झाला होता, पण आतला माणूस तोच होता.

हा अध्याय आला की मला पंडिता रमाबाई आठवतात. शिमोनासारखा लोभ त्यांच्यात कधीच नव्हता, हे आधीच सांगतो. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांच्याबद्दल शारदा सदन आणि विधवांचं शिक्षण एवढं वाचतो. चर्चमध्ये वाढलेल्यांना केडगावचं मुक्ती मिशन माहीत असतं. पण बाप्तिस्मा झाल्यावरही आपल्याला तारणारा भेटलेला नाही, असं या बाईने स्वतः उघडपणे लिहून ठेवलंय, हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. सह्याद्रीत गंगामूळच्या जंगलात, जिथे तुंगा आणि भद्रा उगम पावतात. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांनी लोकांचा रोष ओढवून घेतला होता. लक्ष्मीबाईंनी मग तेच संस्कृत पहाटे उठवून रमाला शिकवलं. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरू लागलं. देवळात, घाटावर बसून पुराण सांगायचं, मिळेल त्यावर जगायचं. प्रत्येक पवित्र नदीत, प्रत्येक कुंडात स्नान. पाप धुतलं जावं, पुण्य साठावं यासाठी उपास, व्रतं, दानधर्म. हे सगळं ते अगदी मनापासून करत होते. रमाबाईंनी पुढे हा मार्ग सोडला, पण आईवडिलांच्या प्रामाणिकपणाबद्दल त्या शेवटपर्यंत आदराने बोलल्या.

मग दक्षिणेतला मोठा दुष्काळ आला. होतं ते किडूकमिडूक विकून झालं, तांदळाचा शेवटचा दाणा संपला. जंगलात अकरा दिवस त्यांनी पाणी, झाडाची पानं आणि मूठभर रानखजूर यावर काढले. भीक मागण्यापेक्षा पवित्र तळ्यात जलसमाधी घ्यावी, असं म्हाताऱ्या शास्त्रीबुवांनी ठरवलं. मुलाने, श्रीनिवासने, ब्राह्मणपणाचा अभिमान बाजूला ठेवून हमाली करायची तयारी दाखवली, तेव्हा ते थांबले. तरी थोड्याच काळात वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. उरलेली दोघं भावंडं पायी हजारो मैल हिंडली. झेलमच्या काठी थंडी सहन होईना, तेव्हा वाळूत खड्डे करून त्यात झोपली. हे वाचलं की मला एसीचा रिमोट हातात घ्यायला लाज वाटते.

१८७८ मध्ये ती दोघं कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. सत्कार झाले, पण मन रिकामं होतं. शास्त्रं खोलवर वाचली तेव्हा बाईला स्वतःचा असा मोक्षाचा रस्ता कुठे सापडेना, असं त्यांनी आपल्या साक्षीत लिहिलंय. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी लग्न केलं. सिल्चरच्या घरात एक दिवस बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान हाती लागलं. एक बाप्टिस्ट मिशनरी येऊन समजावून सांगू लागले. नवरा मिशन शाळेत शिकलेला, तरी बायकोने ख्रिस्ती होणं त्याला मान्य नव्हतं. मुलगी मनोरमा जेमतेम दहा महिन्यांची असताना, फेब्रुवारी १८८२ मध्ये, तो पटकीने गेला.

पुण्यातल्या आर्य महिला समाजाबद्दल आणि हंटर आयोगापुढच्या साक्षीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. आपण थेट इंग्लंडला जाऊ.

१८८३ मध्ये त्या मनोरमेला घेऊन वॉन्टेजला, सेंट मेरी संघाच्या सिस्टर्सकडे राहिल्या. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आत्महत्या केली. परक्या देशात, त्या धक्क्यातून उठायचं होतं. सिस्टर्स लंडनमध्ये वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी एक घर चालवत. ज्या बायकांकडे कुणी बघत नाही त्यांच्याशी ही माणसं इतक्या मायेने का वागतात, असं रमाबाईंनी विचारलं. उत्तर म्हणून त्यांना योहानातली विहिरीवरची शोमरोनी स्त्री वाचून दाखवली गेली. नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या पत्रांनी बऱ्याच शंका सोडवल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

बहुतेक चरित्रांत धर्मांतराचं प्रकरण इथे संपतं. रमाबाईंच्या स्वतःच्या हिशेबात ते अजून सुरूही झालं नव्हतं.

त्या काही गप्प बसणाऱ्या नव्हत्या. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, यावरून त्यांचा सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रव्यवहार झाला. त्रैक्यावर, चर्चच्या अधिकारावर वाद झाले. पण या सगळ्याच्या खाली वेगळी भूक होती. पश्चात्ताप करावा, पाप सोडावं, संस्कार घ्यावेत, चांगलं वागावं, की देव क्षमा करील, असं त्या समजत होत्या. म्हणजे लहानपणी जे घाटाघाटावर चाललं होतं, तेच थोडं वेगळ्या नावाने. आपण पुरेसे शुद्ध झालो का, हा प्रश्न रोज तसाच. मधल्या काळात त्या अमेरिकेत गेल्या, डॉ. आनंदीबाई जोशींचा पदवीदान समारंभ पाहिला, १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचं पुस्तक लिहिलं, ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. बाहेरून पाहणाऱ्याला यात काही कमी दिसलं नसतं.

मग विल्यम हॅसलम नावाच्या इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आलं. या माणसाने चर्च बांधलं, लोकांना बाप्तिस्मे दिले, वर्षानुवर्षं उपदेश केला, आणि १८५१ मध्ये कॉर्नवॉलमधल्या बाल्डू गावी स्वतःचाच उपदेश करता करता त्याला कळलं की आपलं तारण झालेलं नाही. तिथेच, व्यासपीठावरच, त्याने विश्वास ठेवला. मंडळीत आनंदाचा एकच गलका झाला.

रमाबाईंनी या पाळकात स्वतःला पाहिलं. आपण ख्रिस्ती धर्म घेतला, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त घेतला नाही, हे त्यांना उमगलं. आधी लायक व्हायचं आणि मग त्याच्याकडे जायचं, हा क्रमच चुकला होता. पापी म्हणून, रिकाम्या हाताने जायचं होतं. किंमत वधस्तंभावर भरली गेली होती. हे समजायला बाप्तिस्म्यापासून जवळजवळ आठ वर्षं लागली. ज्या बाईला हजारो श्लोक पाठ होते तिला!

इथे एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. वॉन्टेजचा बाप्तिस्मा खोटा होता, असं त्यांनी म्हटलं नाही. बाप्तिस्म्याला कमी लेखलंही नाही. पुढे दुष्काळातून त्यांनी केडगावला आणलेल्या मुलींपैकी अनेकींनी विश्वास ठेवल्यावर बाप्तिस्मा घेतलाच. पण पाण्याला तारणाऱ्याच्या जागी त्यांनी पुन्हा बसवलं नाही. १९०५ च्या मुक्तीतल्या संजीवनाच्या वेळी मुली पापाच्या जाणिवेने तासन्‌तास रडत प्रार्थना करत होत्या, आणि त्यांतल्या कितीतरी जणी तोपर्यंत नावाने ख्रिस्ती होत्याच.

माझा बाप्तिस्मा मी तीन महिन्यांचा असताना झाला. दाखला आईच्या कपाटात, साड्यांच्या खाली. लग्नाच्या वेळी चर्चने मागितला तेव्हा मी तो पहिल्यांदा नीट वाचला : नाव, तारीख, पाळकांची सही. सगळं बरोबर होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण दाखल्यावर जे लिहिलं होतं त्यापलीकडे प्रभूबरोबरचं माझं सांगण्यासारखं काहीच नव्हतं. रमाबाईंची साक्ष मी त्याच आठवड्यात वाचली. प्रोग्रामर असल्यामुळे प्रत्येक गोष्टीची स्टेप शोधायची सवय, आणि इथे माझ्याकडून पूर्ण करायची एकही स्टेप उरली नव्हती. ते पचायला मलाही वेळ लागला.

शेवटची वर्षं त्यांनी हिब्रू आणि ग्रीकमधून पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणण्यात घालवली, शेतावरच्या बाईलाही कळेल अशा मराठीत. छपाई मुक्तीतच, तिथल्या मुलींच्या हातून. १९२१ मध्ये मनोरमा गेली. आईने प्रुफं तपासणं थांबवलं नाही. काम पूर्ण झालं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला रमाबाई प्रभूकडे गेल्या.

उद्याचं वाचन : अध्याय ९. शौलाला आधी प्रभू भेटला, पाणी तीन दिवसांनी.