ऐकायला शिकलेल्या रमाबाई

पंडिता रमाबाई म्हटलं की आपल्याला शाळेच्या पुस्तकातला धडा आठवतो. संस्कृतच्या मोठ्या विदुषी, विधवांसाठी शारदा सदन काढणाऱ्या, केडगावला मुक्ती मिशन उभारणाऱ्या. ही ओळख खरीच आहे. पण त्या धड्यात एक गोष्ट सहसा नसते. रमाबाईंना तरुणपणापासूनच ऐकायला कमी येत होतं. इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायचं मनात धरून, पण कानांनी साथ दिली नाही आणि तो बेत सोडावा लागला. आणि याच बाईंनी जन्मभर एकच ध्यास घेतला, देवाला आपल्याला काय सांगायचंय ते ऐकण्याचा.

ख्रिस्ती घरांत हे बोलणं रोजचं असतं. प्रार्थना म्हणजे नुसतं मागणं नव्हे, थोडं थांबून देवाचं ऐकायचंही असतं, असं मुलांना सांगतात. पण ऐकायचं कसं? आकाशातून काही हाक येत नाही. उलट भोवती माणसांचे आवाजच फार. सासरचे, माहेरचे, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे, आणि देवाच्या नावाने बोलणाऱ्यांचेही! त्यातला देवाचा कोणता हे ओळखायला रमाबाईंना कितीतरी वर्षं लागली. आणि ते ओळखल्यावर त्याची किंमतही मोजावी लागली.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांनी लोकांचा रोष ओढवून घेतला होता. पुढे आई लक्ष्मीबाईंनीच लेकीला शिकवलं. घर कसलं, सगळं कुटुंब तीर्थयात्रेत! दिवसभर पुराण सांगायचं, मिळेल ते खायचं, पुढच्या गावाला निघायचं. म्हणून आई पहाटे उठायची, झोपलेल्या रमेला जवळ घेऊन हळूहळू जागं करायची आणि श्लोक म्हणून घ्यायची. बाकीचं जग झोपेत असताना एकच आवाज लक्ष देऊन ऐकायची सवय त्यांना तिथे लागली. ती पुढे कधी सुटली नाही.

मग दुष्काळ आला. या कुटुंबाने देवाला काय काय केलं नाही? उपास केले, दानं दिली, देवळांच्या पायऱ्या झिजवल्या. जवळचा पैसा संपला, भांडीकुंडी गेली. आधी वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. जाताना वडिलांनी या धाकट्या मुलीला, तुला मी देवाच्या हाती सोपवलं आहे, त्याचीच सेवा कर, अशा अर्थाचं सांगितलं होतं. पण कोणता देव आणि कुठली सेवा, हे सांगायला आता कोणी उरलं नव्हतं.

रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास, दोघंच हजारो मैल पायी हिंडले. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीने जीव जाऊ नये म्हणून वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्र काढली. व्रतवैकल्यं केली तरी उत्तर मिळालं नाही, हे दोघांच्या मनात पक्कं बसलं. श्रद्धा हळूहळू विझत गेली.

१८७८ साली ते कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या विशीतल्या मुलीची विद्वत्ता पाहून तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन यांनी तिच्या हाती वेद ठेवला. बाईने वेद वाचायचा नाही हेच ती लहानपणापासून ऐकत आली होती. तिने तो वाचला. तिथेच एका ख्रिस्ती सभेला जायचा योग आला. लोक खुर्च्यांकडे तोंड करून गुडघ्यावर बसले, डोळे मिटले आणि काहीतरी पुटपुटू लागले. समोर मूर्ती नाही, काही नाही. हे लोक खुर्च्यांची पूजा करतात की काय, असंच या भावंडांना वाटलं! प्रार्थनेशी त्यांची पहिली ओळख झाली ती अशी.

१८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. आसामात सिल्चरला संसार मांडला. एक दिवस घरातल्या पुस्तकांमध्ये त्यांना बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान मिळालं. त्या वाचत गेल्या, मनात ओढ निर्माण झाली. नवऱ्याला मात्र बायकोने उघडपणे ख्रिस्ती होणं पसंत नव्हतं. विषय तिथेच थांबला. १८८१ला मनोरमा जन्मली आणि १८८२च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा गेला. तेव्हा रमाबाई अवघ्या तेवीस वर्षांच्या होत्या.

त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन बायकांसाठी बायका डॉक्टर आणि शिक्षिका हव्यात असं ठणकावून सांगितलं. १८८३ला लहानग्या मनोरमेला घेऊन बोटीने इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या मठातल्या सिस्टरांनी त्यांना आसरा दिला.

लंडनच्या फुलम भागात या सिस्टरांचं एक घर होतं. ज्यांना समाज वाईट चालीच्या म्हणतो, अशा बायकांना तिथे सांभाळत. रमाबाईंनी पाहिलं, कोणी त्यांना हिणवत नव्हतं, प्रायश्चित्तासाठी छळत नव्हतं. माणसासारखं वागवत होते. हे तुम्ही कशासाठी करता, असं त्यांनी विचारलं. तेव्हा एका सिस्टरने त्यांना प्रभू येशू आणि विहिरीवरची शोमरोनी बाई यांची गोष्ट वाचून दाखवली. ज्या बाईशी गावातलं कोणी धड बोलत नसेल, तिच्याशी देव स्वतः बोलायला थांबतो! शास्त्रं कोळून प्यालेल्या रमाबाईंना जे कुठे मिळालं नव्हतं ते तिथे मिळालं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

आता इथे गोष्ट संपायला हवी, नाही का? पण खरी कसोटी इथूनच सुरू झाली. आता देवाच्या नावाने बोलणारे लोक बदलले, इतकंच. ज्यांनी प्रेम दिलं होतं त्या सिस्टरांची अपेक्षा होती की रमाबाईंनी चर्चची सगळी शिकवण निमूटपणे मान्य करावी. ज्या गोष्टी बायबलमध्ये स्वतःला दिसत नव्हत्या त्या मान्य करायला रमाबाई तयार नव्हत्या. त्या शाकाहारी राहिल्या, अंडं घातलेलं पुडिंगसुद्धा खायच्या नाहीत. तेही कोणाकोणाला खुपलं. क्रुसावरची अक्षरं लॅटिनमध्ये कशाला, संस्कृतमध्ये का नकोत, असाही त्यांचा प्रश्न होता. चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकत असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचा विषय निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या दोन बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी सिस्टर जेराल्डिन यांना पत्रांतून स्पष्ट कळवलं की देवाने मला सदसद्विवेक दिला आहे. एका जोखडातून सुटून आले ती दुसरं मानेवर घ्यायला नाही, असाच त्या सगळ्याचा मथितार्थ होता.

ज्यांचं मीठ खातो, ज्यांनी संकटात हात दिला, त्यांना नाही म्हणणं किती अवघड असतं, हे आपण बायका चांगलं जाणतो. रमाबाईंनी नाते तोडले नाही, पत्रं चालू ठेवली, पण उपकार करणाऱ्याचं म्हणणं म्हणजे देवाचं म्हणणं, असंही धरलं नाही.

अमेरिकेत जाऊन, व्याख्यानं देऊन, पुस्तक लिहून त्यांनी पैसा उभा केला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. शाळेत कोणालाही धर्म शिकवायचा नाही असं ठरलं होतं. रमाबाई मात्र स्वतःच्या खोलीत रोज प्रार्थना करत आणि त्या खोलीचं दार उघडं ठेवत. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. पुण्यात गदारोळ उठला. १८९३ला सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर अशी मोठी माणसं बाहेर पडली, पालकांनी मुली काढून नेल्या. ज्यांनी विश्वासाने विधवा लेकी पाठवल्या होत्या, त्यांना फसवल्यासारखं वाटलं, हेही समजण्यासारखं आहे. रमाबाईंचं म्हणणं एवढंच होतं की माझ्या घरात मी दार लावून देवाशी बोलणार नाही. त्यांनी दार लावलं नाही. मैत्री, मान, पाठबळ, सगळं त्यात गेलं.

त्याच काळात त्यांच्या मनात वेगळीच उलथापालथ चालू होती. बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाली, तेव्हा १८९१च्या सुमाराला, त्यांना कळून चुकलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही. बुद्धीला पटलं होतं, मनाला भेटलं नव्हतं. एवढी विद्वान बाई, पण हे कबूल करायला त्या लाजल्या नाहीत. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पहाटे उठून बायबल वाचायचं, गप्प बसायचं, दिवसाचं काम देवापुढे ठेवायचं, आणि मग उठून त्या कामाला लागायचं. आईने लावलेली पहाटेची सवय अशी उपयोगी आली.

ऐकण्याचा खरा प्रसंग आला १८९६ला. मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची बातमी आली. हाताशी पैसा बेताचाच, सदनात आधीच्या मुली. न जाण्याला कारणं भरपूर होती. पण रमाबाईंना आपला दुष्काळ आठवला. उपाशी आईबाप, रानातली पानं, झेलमची वाळू. वीस वर्षांपूर्वी आपल्या हाकेला उत्तर आलं नाही असं वाटलं होतं. आता कोणाच्या तरी हाकेला उत्तर म्हणून आपल्यालाच जायचं आहे, हे त्यांना उमगलं. त्यासाठी कोणता चमत्कार लागला नाही. वर्तमानपत्रातली बातमी आणि स्वतःची आठवण, एवढंच पुरलं.

त्या गेल्या आणि बैलगाडीने, आगगाडीने मुलींना घेऊन आल्या. तीनशेच्या आसपास मुली! हाडांचे सापळे, अंगावर फोड, डोक्यात उवा, कित्येकींवर वाटेत अत्याचार झालेले. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून केडगावला घेऊन ठेवलेल्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. तेच पुढे मुक्ती सदन झालं. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या जणींचं रोजचं धान्य, पाणी, कपडे, आजारपण कोण बघणार? देवाचं ऐकायचं म्हणजे डोळे मिटून बसायचं, असा कोणाचा समज असेल तर त्याने मुक्तीचं कामकाज आठवावं. तिथे विहिरी खणल्या, शेती केली, हातमाग घातले, तेलाचा घाणा चालवला. अंध मुलींना ब्रेल शिकवलं. छापखान्यात खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामं मुलीच करत. प्रार्थना जमिनीवर बसून, मराठी भजनं म्हणत. १९०५च्या जानेवारीत रमाबाईंनी रोज सकाळी प्रार्थनेला कोण बसेल असं विचारलं, तर सत्तर जणी पुढे आल्या आणि मग संख्या वाढतच गेली.

शेवटची अठराएक वर्षं त्यांनी एका कामाला दिली. संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणायचं. त्यासाठी पन्नाशीच्या आसपास त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतवर एवढं प्रभुत्व असलेल्या बाईने जड संस्कृत शब्द मुद्दाम टाळले. खेड्यातल्या, नुकतंच वाचायला शिकलेल्या बाईला कोणाला विचारावं न लागता ते कळलं पाहिजे, हा हट्ट. कारण त्यांना स्वतःला वेद वाचायचा तर कोणीतरी आधी परवानगी द्यावी लागली होती. देव काय म्हणतो ते बाईने दुसऱ्याच्या तोंडून का ऐकावं? तिचं तिला वाचता आलं पाहिजे.

१९२१च्या जुलैत मनोरमा गेली. मुक्तीचा भार जिच्यावर सोपवायचा ती एकुलती एक लेक. कान जवळजवळ गेलेले, शरीर थकलेलं. तरी मुद्रितं तपासायचं काम त्यांनी सोडलं नाही. काम पुरं झालं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. त्यांच्या मुलींनी खिळे जुळवलेलं ते बायबल १९२४ला बाहेर आलं. केडगावचं मुक्ती मिशन आजही चालू आहे.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कोणी पहाटे देवापुढे दिवा लावत असेल, कोणी नमाज पढत असेल, कोणी बायबल उघडत असेल. पाच मिनिटं मिळतात, तेवढ्यात दूध उतू जातं, कोणीतरी हाक मारतं. रमाबाईंची पहाट संपल्यावर त्यांच्या दारातही शेकडो हाका वाट पाहत असत. कोणती हाक आधी घ्यायची आणि कोणाला ठामपणे नाही म्हणायचं, हे त्या त्या पाच मिनिटांत ठरवत आणि मग पदर खोचून कामाला लागत.