जयपाल सिंह मुंडा: हॉकीच्या पलीकडे

जयपाल सिंह मुंडा म्हटलं की क्विझमधलं उत्तर ठरलेलं: 1928, अ‍ॅमस्टरडॅम, हॉकीचं पहिलं सुवर्णपदक, कॅप्टन. मला मात्र त्यांचं त्यानंतरचं आयुष्य जास्त महत्त्वाचं वाटतं.

3 जानेवारी 1903 रोजी खुंटीजवळच्या टकरा गावात एका मुंडा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. रांचीच्या सेंट पॉल्स या अँग्लिकन मिशनच्या शाळेत ते शिकले, तिथल्या मिशनऱ्यांनी त्यांना इंग्लंडला नेलं, ऑक्सफर्डला अर्थशास्त्र झालं. आयसीएससाठी निवडही झाली होती, पण ऑलिंपिकसाठी रजा मिळेना. ते खेळायला गेले आणि ती नोकरी सुटली. पुढे गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, आणि रायपूरला शिकवलं. मिशनच्या शाळेतून इतका वर गेलेला माणूस सहसा मागे वळत नाही. हे वळले. 1939 मध्ये आदिवासी महासभेचे अध्यक्ष झाले.

संविधान सभेत त्यांचं म्हणणं साधं होतं. आदिवासींबद्दल ठरवायचं तर आदिवासींना सोबत घेऊन ठरवा. सल्लागार समितीत एकही आदिवासी स्त्री का नाही, हेही त्यांनी विचारलं. 'बनजाति' नको, 'आदिवासी' हाच शब्द हवा, असा त्यांचा आग्रह होता. तो मानला गेला नाही. पाचव्या अनुसूचीत जमाती सल्लागार परिषद आली खरी, पण राज्यपाल विचारतील तेवढ्यावरच तिने सल्ला द्यायचा. आपल्या वर्गाच्या सीआरसारखंच!

1950 मध्ये त्यांनी सरळ स्वतःचा झारखंड पक्ष काढला. 1952 ला बिहार विधानसभेत 32 जागा मिळाल्या आणि तो मुख्य विरोधी पक्ष झाला. मुख्य मागणी वेगळ्या राज्याची. 1955 मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने ती नाकारली (बेळगावकरांना हा आयोग वेगळा सांगायला नको). 1962 ला जागा 20 वर आल्या आणि 1963 मध्ये त्यांनी पक्ष काँग्रेसमध्ये विलीन केला.

इथे माझं त्यांच्याशी पटत नाही. स्वतःच्या पक्षाचा अजेंडा ते ठरवत होते. मोठ्या पक्षात ते अनेकांतले एक झाले. मंत्रिपद मिळालं, तेही फार टिकलं नाही. अनेक जुने कार्यकर्ते दुरावले. पण बाहेर राहून राज्य मिळत नाही आणि जागाही घटताहेत, तेव्हा त्यांनी दुसरं काय करायचं होतं, याचं उत्तर माझ्याकडेही नाही.

20 मार्च 1970 रोजी ते दिल्लीत वारले, तेव्हाही खासदारच होते. झारखंड राज्य व्हायला अजून 30 वर्षं होती.