बॉडच्या मागचा माणूस : एमिल बोदो

अॅपल-२ या जुन्या घरगुती संगणकासाठी १९८१ मध्ये आलेल्या ‘सुपर सीरियल कार्ड’वर नखाएवढ्या खटक्यांच्या दोन रांगा आहेत. प्रत्येक रांगेत सात खटके. पहिल्या रांगेतले पहिले चार खटके ठरवतात तो वेग, आणि त्याचे माप आहे ‘बॉड’. प्रिंटरचा किंवा मोडेमचा वेग आणि कार्डाचा वेग जुळला नाही, तर कागदावर निरर्थक अक्षरांचा सडा पडतो. जुने संगणक जपणाऱ्या हौशी मंडळींना हा अनुभव नवा नाही. मात्र बॉड हे एका माणसाचे नाव आहे, याची कल्पना त्यांच्यातल्याही थोड्यांनाच असते.

एमिल बोदो यांचा जन्म ११ सप्टेंबर १८४५ रोजी फ्रान्समधील मान्यो या खेडेगावात शेतकरी कुटुंबात झाला. शिक्षण गावच्या प्राथमिक शाळेपुरतेच. पुढे वडिलांची शेती सांभाळून १८६९ मध्ये ते तारखात्यात उमेदवार म्हणून दाखल झाले. मोर्स यंत्र आणि अक्षरे छापणारे ह्यूज यंत्र ते तेथेच शिकले. एका तारेवरून एका वेळी एकच संदेश जातो आणि तार बराच काळ रिकामी राहते, हे त्यांना खटकत होते. खात्याने संशोधनाला उत्तेजन दिले, पण ते नोकरीचे तास संपल्यावर करावे या बोलीवर!

१७ जून १८७४ रोजी त्यांनी आपल्या यंत्रणेचे पेटंट घेतले. तारबाबूपुढे पियानोसारख्या पाच पट्ट्या. दोन डाव्या हाताला, तीन उजव्या हाताला. प्रत्येक अक्षरासाठी पट्ट्यांची ठरावीक जुळणी एकाच वेळी दाबायची. तारेच्या टोकाला असलेला फिरता वितरक त्या पाच पट्ट्यांची स्थिती एकामागून एक तारेवर सोडी, आणि लगेच शेजारच्या तारबाबूकडे वळे. अशा रीतीने चार-सहा जण एकच तार वापरू शकत. पलीकडचा वितरक त्याच गतीने, त्याच क्षणी फिरत असला पाहिजे, ही त्यातली मुख्य अट. एकत्र आलेली माहिती सुटी करून ओळीने पाठवणे आणि दोन्ही टोकांची गती जुळवणे, हेच सीरियल कार्डाचेही काम. ही यंत्रणा माणसाला मात्र मोकळीक देत नसे. यंत्राने ‘टक्’ असा इशारा दिला, की त्याच तालावर पट्ट्या दाबाव्या लागत. जरा चुकले की अक्षर गेले.

१८७७ मध्ये पॅरिस-बोर्दो मार्गावर चाचणी झाली. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. पण त्याच सुमारास लुई व्हिक्टर मिमो या तारखात्यातल्याच सहकाऱ्याने संकल्पनेवर हक्क सांगून दावा गुदरला होता. न्यायालयाने आधी पाच घटकांच्या संकेताचे श्रेय मिमो यांना दिले. पुढे तो निकाल फिरला आणि खर्चाचा बोजाही त्यांच्यावरच आला. मिमो खचले. सरकारकडे केलेल्या मागण्या ज्या समितीने फेटाळल्या, तिचे प्रमुख ज्यूल रेनो यांची त्यांनी गोळ्या घालून हत्या केली. त्यांना सक्तमजुरीची शिक्षा झाली. बोदो यांच्या यशाच्या कथेत ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

बोदो यांच्या वाट्यालाही सुख बेताचेच आले. जानेवारी १८९० मध्ये त्यांचा विवाह झाला आणि तीन महिन्यांतच पत्नीचे निधन झाले. प्रकृतीने कधीच साथ दिली नव्हती. २८ मार्च १९०३ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, पॅरिसजवळील सो येथे त्यांचे निधन झाले.

त्याआधीच, १९०१ मध्ये, डोनाल्ड मरे यांनी बोदो संकेताची फेरमांडणी केली होती. त्यातून टेलिप्रिंटरचा संकेत घडला. वृत्तसंस्थांच्या बातम्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत रात्रंदिवस खडखडत छापणारी यंत्रे याच पाच घटकांच्या भाषेत बोलत. १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातले तालुक्याचे गाव असलेल्या हिंगोलीसारख्या ठिकाणी दारात तारवाला दिसला की घरात चलबिचल होई. नोकरीचा हुकूम की कुणाच्या जाण्याची वार्ता, हे तार फोडेपर्यंत कळत नसे. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

तारेवरच्या वेगाच्या एककाला १९२६ मध्ये बोदो यांचे नाव देण्यात आले. इंग्रजी वळणाने त्याचा ‘बॉड’ झाला. दर सेकंदाला तारेवरची स्थिती किती वेळा बदलू शकते, ते हे माप सांगते. बॉड आणि बिट यांची गल्लत संगणकाच्या जाणकारांकडूनही होते. पुढच्या काही मोडेमनी ६०० बॉडवर सेकंदाला १२०० बिट पाठवले, तेव्हा हा फरक ठळक झाला. टेलिप्रिंटरचा रूढ वेग ५० बॉड होता. सुपर सीरियल कार्डाच्या चार खटक्यांवरचा सर्वांत कमी वेगही ५० बॉडच आहे.