नात्यांच्या शब्दांतून समाज वाचणाऱ्या इरावतीबाई

मुलुंडमधील एखाद्या जुन्या इमारतीच्या एकाच जिन्यावर मराठी, गुजराती आणि तमिळ कुटुंबे राहत असतात. वडिलांच्या बहिणीला पहिल्या घरात आत्या म्हणतात, दुसऱ्यात फोई, तर तिसऱ्यात अत्तै. वरवर पाहता हे एकाच नात्याचे तीन उच्चार वाटतात. मात्र तमिळ घरातील सून आपल्या सासूलाही अत्तै म्हणते. गुजराती घरातील सून सासूला फोई म्हणणार नाही. हा फरक केवळ भाषेचा नसून कोणाची मुलगी कोणाच्या घरात द्यायची, या रीतीचा आहे, हे भारतभरच्या पुराव्यानिशी मांडणाऱ्या विदुषी म्हणजे इरावती कर्वे.

सामान्य वाचकाला त्या 'युगान्त'च्या लेखिका म्हणून ठाऊक असतात. महाभारतातील पात्रांना माणसांच्या पातळीवर आणून पाहणाऱ्या या पुस्तकाला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि त्याच्या प्रकाशात त्यांचे शास्त्रीय काम काहीसे झाकोळले गेले. हे काम इंग्रजीत असल्यामुळेही ते मराठी घरांपर्यंत फारसे पोहोचले नाही.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील म्यिंजान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे नोकरीस होते. तेथील महानदीवरून मुलीचे नाव ठेवले गेले. सातव्या वर्षी ती शिक्षणासाठी पुण्यात हुजूरपागेत आली आणि रँग्लर परांजपे यांच्या घरी त्यांची कन्या शकुंतला हिच्याबरोबर वाढली. फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन पदवी मिळवल्यावर इरावतीबाईंनी मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहिला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर कर्वे हे त्यांचे पती.

१९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या महर्षींना सुनेचे हे परदेशगमन मान्य नव्हते, हा विरोधाभास नोंदवण्याजोगा आहे. बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. वंशावंशांत बुद्धीची उतरंड असते, असे मानणाऱ्या आणि पुढे नाझी राजवटीला आधारभूत ठरलेल्या विचारधारेचे ते एक प्रमुख शास्त्रज्ञ होते. इरावतीबाईंना विषय मिळाला तो मानवी कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंतील विषमतेचा. युरोपीय कवट्यांत ही विषमता वेगळी आढळेल आणि त्यातून वंशश्रेष्ठत्वाला आधार मिळेल, अशी अपेक्षा होती. कवट्या मोजून इरावतीबाईंनी निष्कर्ष काढला की, या विषमतेचा वंशाशी संबंध दिसत नाही. परक्या देशात, पंचविशीच्या आत, परीक्षक असलेल्या गुरूच्या सिद्धांताला छेद देणारा प्रबंध सादर करणे ही लहानसहान गोष्ट नव्हती. पदवी मिळाली आणि १९३० मध्ये त्या मायदेशी परतल्या.

काही वर्षे महिला विद्यापीठाच्या कुलसचिव म्हणून काम केल्यावर १९३९ मध्ये त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या आणि अखेरपर्यंत तेथेच राहिल्या. संस्थेत भाषाशास्त्रज्ञ सु. मं. कत्रे आणि पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया हे सहकारी होते. भाषा, उत्खनन आणि मानववंशशास्त्र एका छताखाली नांदत असल्याने इरावतीबाईंची दृष्टी कवटीच्या मापांपलीकडे गेली. वेदांतील आणि महाभारतातील नातेवाचक शब्द त्यांनी गोळा केले. मग प्रांतोप्रांती हिंडून निरनिराळ्या जातींच्या लोकांकडून त्या शब्द टिपू लागल्या. म्हणी आणि स्त्रियांची गाणी हाही त्यांचा पुरावा होता.

या श्रमांचे फळ म्हणजे १९५३ मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केलेला, भारतातील नातेसंबंधांच्या रचनेवरील ग्रंथ. त्यात देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग आहेत. उत्तरेत मुलगी नात्याबाहेर, शक्यतो दूरच्या गावी दिली जाते. म्हणून हिंदीत मामा वेगळा आणि ससुर वेगळा, बुआ वेगळी आणि सास वेगळी. दक्षिणेत मामाशी वा आत्याशी सोयरीक जुळते; त्यामुळे कन्नडमध्ये 'मावा' हा मामाही आणि सासराही, तर 'अत्ते' ही आत्याही आणि सासूही. परकी म्हणून सासरी जाणारी सून आणि आधीच ओळखीच्या घरात जाणारी सून, या दोघींच्या आयुष्यातील अंतर या शब्दांत साठलेले आहे.

महाराष्ट्र या दोन्हींच्या सीमेवर येतो. सासू, सासरा, दीर, जाऊ हे शब्द संस्कृतातून प्राकृतमार्गे आलेले. पण अनेक जातींत मामाची मुलगी करण्याची चाल दक्षिणेकडची. देशस्थांत ती चालते, चित्पावनांत चालत नाही. जुन्या घरांतील सून सासऱ्याला 'मामंजी' आणि कित्येक ठिकाणी सासूला 'आत्याबाई' म्हणत असे. भाषेचे कूळ उत्तरेचे, पण संबोधन मात्र दक्षिणेच्या वळणाचे.

भारतीय समाज समजून घ्यायचा तर भाषिक प्रदेश, जाती आणि कुटुंब यांचा एकत्रित विचार केला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. जात म्हणजे विस्तारलेले नातेवाईकांचे वर्तुळ; ते सहसा एका भाषेच्या प्रदेशाबाहेर जात नाही. कुंभार सर्वत्र आहेत, पण व्यवसाय एक म्हणून त्यांचे मूळ एक ठरत नाही, हे त्यांनी महाराष्ट्रातील कुंभारांच्याच अभ्यासातून दाखवले. एकच जात फुटून पोटजाती झाल्या, या घुर्ये यांच्या मताशी त्यांनी उघड फारकत घेतली. भाषावार प्रांतरचनेचा वाद पेटलेल्या दशकातील हे लेखन आहे, हे लक्षात घेतले की त्याचे वजन कळते.

त्यांच्या कामाला मर्यादाही होत्या. शरीराची मापे घेऊन जातींचा उलगडा करण्याची बर्लिनमधील सवय त्यांनी पुरती सोडली नाही आणि त्यावर नंतरच्या अभ्यासकांनी रास्त टीका केली आहे.

नात्याचे शब्द तपासणाऱ्या या बाईंच्या स्वतःच्या घरात मात्र रूढ शब्दांना फाटा होता. नवऱ्याचे नाव उच्चारणेही निषिद्ध असलेल्या काळात त्या पतीला 'दिनू' म्हणत आणि मुलेही आईवडिलांना इरू, दिनू अशी हाक मारीत. पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालवणाऱ्या या प्राध्यापिकेची चर्चा त्यापेक्षा अधिक झाली असेल! पण 'परिपूर्ती' या ललितलेखात वेगळाच सूर आहे. सभेत आपली ओळख महर्षींची सून, अमक्यांची पत्नी अशी करून दिली जाते, तरी काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. आणि वाटेत शाळकरी पोरे त्यांना आपल्या वर्गमित्राची आई म्हणून ओळखतात, तेव्हा ती ओळख पुरी होते.

अखेरच्या वर्षांत त्यांनी कन्या जाई निंबकर यांच्यासमवेत कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्यांची पाहणी केली. तिचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी इरावतीबाईंचे पुण्यात निधन झाले. तेव्हा त्या चौसष्ट वर्षांच्या होत्या.