तुकोबांनी दुष्काळात काय केलं?





पाऊस लांबला की आपण देवाला साकडं घालतो. तरी नाहीच आला, तर मन डळमळतं. अशा वेळी तुकोबारायांचं चरित्र आठवावं.

इंद्रायणीकाठी देहूला त्यांचा जन्म झाला. साल बहुधा १६०८ सांगतात. घरी विठ्ठलाची पूजा पिढीजात, जोडीला दुकान आणि सावकारी. १६३० च्या सुमारास दख्खन आणि गुजरातेत भयंकर दुष्काळ पडला. दुकानाचं दिवाळं निघालं. पहिल्या पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेल्या, मुलगा संतूही गेला.

पिढ्यान्‌पिढ्या वारी करणाऱ्या घरावर ही वेळ आली, तरी तुकोबांनी विठ्ठलाला सोडलं नाही. भंडारा डोंगरावर नामस्मरणाला बसले. गावातलं पडझड झालेलं विठ्ठलमंदिर दुरुस्त केलं. मग कर्जखतं काढली. निम्मी धाकट्या कान्होबांना दिली, स्वतःच्या वाट्याची सगळी इंद्रायणीत बुडवली. दुष्काळानं नागवलेली कुळं त्या दिवशी देण्यातून सुटली. पुढे माघ शुद्ध दशमीला सद्गुरू बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात अनुग्रह दिला.

तुकोबांच्या भक्तीनं दुष्काळ टळला, असं कोणी सांगत नाही. पण त्या भक्तीनं गरिबांची खतं मात्र बुडाली.

म्हणून साधकहो, दुष्काळ येवो की पूर, जप वाढवूच. आणि अडचणीतल्या कुणाकडे आपलं काही येणं असेल, तर तगादा थांबवू. तीही विठ्ठलाची सेवाच.

🙏 जय हरि 🙏