दिव्यामागची आकडेमोड

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की हाती दिवा घेतलेली करुणामूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. पाठ्यपुस्तकांनी हे चित्र इतके गिरवले आहे की, बाईंचे खरे कर्तृत्व त्याआड झाकले गेले. १८५४ च्या नोव्हेंबरात ३८ परिचारिकांसह त्या तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. शुश्रूषेत कसूर नव्हती. तरीही १८५५ च्या फेब्रुवारीत तेथील शेकडा ४२ रुग्ण दगावले. मार्चमध्ये सरकारी स्वच्छता आयोग आला, त्याने तुंबलेली गटारे उपसली, हवा खेळती केली, आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले.

युद्धानंतर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साहाय्याने त्यांनी साऱ्या नोंदी तपासल्या. बहुतेक सैनिक जखमांनी नव्हे, तर टाळता येण्याजोग्या रोगांनी मेले होते. आणि ज्या रुग्णालयात त्या स्वतः राबल्या, तेथील मृत्युमान भयंकर होते. हा निष्कर्ष त्यांना सोयीचा खचितच नव्हता. तो न दडपता १८५८ साली त्यांनी रंगीत वर्तुळाकृती आलेखांतून सत्ताधाऱ्यांपुढे मांडला. त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्र मंडळाने त्यांना सदस्यत्व दिले. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. (अर्थशास्त्राच्या मास्तराला याचे अप्रूप वाटणारच!)

हिंदुस्थानात त्या कधीच आल्या नाहीत. तरी येथील छावण्यांकडे छापील प्रश्नावल्या धाडून त्यांनी माहिती मागवली. १८६३ च्या शाही आयोगाच्या अहवालात गोऱ्या सैनिकांचे मृत्युमान दरहजारी ६९ निघाले. दोष हवेपेक्षा दूषित पाण्याचा आणि कोंदट बराकींचा अधिक होता. पुढची कित्येक वर्षे त्या व्हाइसरॉयांशी पत्रव्यवहार करीत राहिल्या, आणि त्यांचा विषय हळूहळू बराकींवरून रयतेच्या विहिरींकडे वळला.